उजव्या बरगडीखालचे शेजारी

शस्त्रक्रियागृहाबाहेरच्या बाकावर घरातली पाच-सहा माणसे बसलेली असतात. मार्केट यार्डातील दुकान धाकट्यावर सोपवून थोरला मुलगा आलेला असतो; सून, मुलगी, जावई आणि गावाहून आदल्या रात्रीच पोहोचलेले मामा. आईंच्या पित्ताची पिशवी काढायची आहे. दुर्बिणीची शस्त्रक्रिया, चार छोटी छिद्रे, तासाभराचे काम, परवा घरी. तासाचे दोन तास होतात. मग दार उघडते आणि शल्यचिकित्सक बाहेर येऊन सांगतात, "दुर्बिणीने पुढे जाणे सुरक्षित वाटले नाही. पोट उघडावे लागले. पिशवीचा मानेकडचा थोडा भाग मुद्दाम आत ठेवला आहे. आई बऱ्या आहेत."

या चार वाक्यांतले शेवटचे सर्वांत मोलाचे. परंतु बाकावरच्या मंडळींच्या कानात पहिली तीनच घुमत राहतात. "मुंबईला न्यायला हवे होते," मामा हळूच म्हणतात. जावई मोबाइलवर काहीतरी शोधू लागतात. थोरला मुलगा काहीच बोलत नाही. चार छिद्रांऐवजी हातभर टाके, दोन दिवसांऐवजी आठवडा, आणि वर पिशवी पुरती निघालीही नाही. त्याच्या मनात हिशेब सुरू झालेला असतो, आणि तो तोट्याचा दिसतो.

असा प्रसंग थोड्याफार फरकाने समाजातील अनेक घरांनी अनुभवला आहे. त्या दोन तासांत आत काय घडले हे समजायचे तर उजव्या बरगडीखालच्या दाट वस्तीत एकदा शिरून पाहणे आवश्यक आहे. यकृत, पित्ताशय आणि स्वादुपिंड हे तीन अवयव पुस्तकात तीन निरनिराळ्या प्रकरणांत येतात. शल्यचिकित्सकाच्या हाताखाली मात्र ते जुन्या पेठेतील वाड्यांसारखे असतात. भिंती सामाईक, बोळ अरुंद, आणि सांडपाण्याची वाट एकच. एका घराची डागडुजी काढली की शेजारच्या भिंतीला तडा जाणार नाही याची चिंता आधी वाहावी लागते.

या वस्तीतील सर्वांत मोठे घर यकृताचे. प्रौढ माणसात त्याचे वजन सुमारे दीड किलो भरते. त्याच्याकडे रक्त दोन वाटांनी येते. यकृताची स्वतःची रोहिणी साधारण पाव हिस्सा रक्त आणते. उरलेले पाऊण आणते ती आतडी, जठर, प्लीहा आणि स्वादुपिंड यांच्याकडून गोळा होऊन येणारी मोठी नीला, जिला डॉक्टर पोर्टल व्हेन म्हणतात. अन्नातून शोषलेला बहुतेक माल आधी या वखारीत उतरतो, तपासला जातो, आणि मगच शरीराच्या बाजारपेठेत जातो. इतके रक्त अहोरात्र वाहणाऱ्या अवयवाला सुरी लावणे हे शतकानुशतके दुःसाहस मानले गेले, आणि त्यात नवल नाही.

बाहेरून पाहता यकृताचे दोन भाग दिसतात, उजवा मोठा आणि डावा लहान, मध्ये एक पातळ पडदा. वाटणी तीच, असा समज दीर्घकाळ होता. हाँगकाँगमध्ये अनेक वर्षे वैद्यकी केलेले स्कॉटिश डॉक्टर जेम्स कँटली यांनी १८९७ मध्ये तो खोडून काढला. एका शवविच्छेदनात त्यांना यकृताची उजवी बाजू पूर्णपणे आकसलेली आढळली होती. पण ती आकसण्याची सीमा त्या पडद्यापाशी नव्हती. ती पित्ताशयाच्या खोबणीपासून निघून मागच्या महानीलेपर्यंत जात होती. म्हणजे रक्ताची खरी वाटणी डोळ्यांना न दिसणाऱ्या या रेषेवर झालेली होती. (१८९६ मध्ये लंडनच्या चिनी वकिलातीत कोंडून ठेवलेल्या सुन यत्-सेन यांच्या सुटकेसाठी जिवाचे रान करणारे कँटली ते हेच.) पुढे १९५० च्या दशकात पॅरिसमध्ये क्लोद क्विनो यांनी यकृताच्या नलिकांमध्ये घट्ट होणारा पदार्थ भरून, भोवतालचा मांसल भाग विरघळवून, असंख्य साचे तयार केले आणि यकृत आठ खंडांचे असल्याचे दाखवून दिले. प्रत्येक खंडाला रक्ताचा स्वतंत्र पुरवठा आणि पित्ताची स्वतंत्र निचरावाट. एका छपराखाली आठ बिऱ्हाडे म्हणावीत तशी. आज बाप आपल्या लहान मुलाला यकृताच्या डाव्या कडेचे दोन खंड देऊ शकतो, तो या शोधामुळे. उरलेले यकृत काही महिन्यांत फुगून जवळजवळ पूर्वीच्या आकारमानाचे होते. मात्र गेलेले खंड पुन्हा उगवत नाहीत, राहिलेलेच मोठे होतात.

पित्ताशय नेमके कँटलींच्या त्या सीमारेषेवर, यकृताच्या खालच्या अंगाला चिकटून असते. लांबी सात ते दहा सेंटीमीटर, आत जेमतेम तीस ते पन्नास मिलिलीटर द्रव मावतो. यकृत दिवसाकाठी अर्धा ते एक लिटर पित्त तयार करते. पित्ताशय त्यातले थोडे साठवून आटवून ठेवते आणि जेवणात स्निग्ध पदार्थ आला की आकुंचन पावून आतड्यात सोडते. पित्त निर्माण करण्याचे काम त्याचे नाहीच. म्हणूनच ते काढून टाकल्यावरही माणूस जेवतो, पचवतो आणि दीर्घायुषी होतो.

येथे एका शब्दाने घरोघरी केलेला घोळ सांगितला पाहिजे. मराठीत "पित्त झाले" म्हणतात तेव्हा बहुधा जठरातील आम्लाविषयी बोलणे असते. यकृतातले पित्त वेगळे. पण शब्द एक असल्यामुळे, पित्ताशयातील खड्यांमुळे उठणारी कळ "पित्ताचा त्रास" म्हणून वर्षानुवर्षे गोळ्यांवर आणि थंड दुधावर काढली जाते. ही कळ सहसा छातीखाली मध्यभागी किंवा उजव्या बरगडीखाली येते, पाठीत अथवा उजव्या खांद्याच्या फऱ्यात जाते, अनेकदा जड जेवणानंतर रात्री उठते आणि अर्ध्या तासाहून अधिक टिकते. तिला एकदा सोनोग्राफीचा उजेड दाखवणे गोळ्यांच्या दहा पाकिटांहून स्वस्त पडते. उलट बाजूही तितकीच खरी. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत खडे दिसले आणि त्यांनी कधी त्रास दिला नसेल, तर काही अपवाद वगळता शस्त्रक्रियेची घाई करण्याचे कारण नसते. पुष्कळ माणसे असे मुके खडे घेऊन आयुष्य पार पाडतात.

आता त्या अरुंद बोळात शिरावे. यकृताच्या उजव्या आणि डाव्या बाजूंकडून दोन पित्तनलिका खाली येऊन एक होतात. या एकत्र नलिकेला पित्ताशयाची आखूड नलिका बाजूने येऊन मिळते. तेथून पुढची ती मुख्य पित्तनलिका. रुंदी सुमारे सहा मिलिमीटर, म्हणजे साध्या पेन्सिलीहूनही कमी. ही एकच वाट. यकृताचे सर्व पित्त हिच्यातून जाते, पर्यायी रस्ता नाही. पिशवी काढताना पित्ताशयाची नलिका आणि पित्ताशयाची छोटी रोहिणी या दोनच गोष्टी बांधून कापायच्या असतात. त्या दोन्ही ज्या त्रिकोणात सापडतात त्याला फ्रेंच शल्यविशारद झाँ-फ्रान्स्वा कालो यांचे नाव आहे; १८९० च्या सुमारास पॅरिसमध्ये विद्यार्थी असताना लिहिलेल्या प्रबंधात त्यांनी त्याचे वर्णन केले. आजच्या व्याख्येप्रमाणे त्याची एक बाजू पित्ताशयाची नलिका, दुसरी यकृताकडून येणारी पित्तनलिका आणि तिसरी यकृताची खालची कड. दोन बोटांच्या पेरांखाली झाकला जाईल एवढी ही जागा. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेतील जवळजवळ सर्व भय तिच्यात साठलेले आहे.

याचे कारण असे की, पुस्तकातल्या नीटस चित्राशी तंतोतंत जुळणारे शरीर फार वेळा भेटत नाही. यकृताच्या उजव्या भागाला जाणारी रोहिणी कधी या त्रिकोणात वळसा घालून येते आणि पित्ताशयाची रोहिणी म्हणून सहज फसवते. साधारण दहात एका माणसात तर ती मुळातच निराळ्या उगमापासून निघून मागच्या बाजूने वर चढते. पित्ताशयाची नलिका कधी लांबलचक असून मुख्य नलिकेला बिलगून समांतर खाली जाते, तर कधी इतकी आखूड असते की नसल्यासारखीच. यकृताच्या उजव्या भागातील एखादी बारीक पित्तनलिका एकटीच खाली उतरून अनपेक्षित ठिकाणी मिळते. यातले काहीही आजार नव्हे. माणसागणिक हस्तरेषा वेगळ्या तशा या वाटा वेगळ्या, आणि बाहेरून केलेल्या सोनोग्राफीत त्यांतील बहुतेक दिसत नाहीत.

निरोगी अवस्थेतही हे असे. त्यात वारंवार सूज आली की बोळातले शेजारी एकमेकांना चिकटू लागतात. पहिल्या काही दिवसांतली सूज ओली, मऊ असते. थर अलग करता येतात. आठवडे उलटले की तिची जागा राठ, चिवट तंतू घेतात. दुसरा झटका, तिसरा झटका, आणि त्रिकोणाचा त्रिकोण राहत नाही. नलिका, रोहिणी, पिशवीची मान सगळे एका कठीण गोळ्यात गाडले जाते. पिशवीच्या मानेत अडकलेला मोठा खडा शेजारच्या पित्तनलिकेला दाबतो, क्वचित तिच्यात भोकही पाडतो. अर्जेंटिनाचे शल्यविशारद पाब्लो मिरिझी यांनी १९४८ मध्ये वर्णन केलेली ही अवस्था आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

बाकावर बसलेल्या घरात मागे वळून पाहिले तर पहिली कळ दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर आलेली असते. दुकानाचा हंगाम होता. दुसरी आली तेव्हा मुलीचे लग्न ठरलेले होते. तिसऱ्या वेळी ताप आला, सलाईन लागले, डॉक्टरांनी "याच मुक्कामात काढून टाकू" म्हटले. पण आईच म्हणाल्या, चातुर्मास जाऊ द्या. कोणीही वाईट हेतूने काही केलेले नसते. घर असेच चालते. परंतु तीव्र सूज आल्यावर, रुग्णाची प्रकृती भूल सोसण्याजोगी असेल तर, पहिल्या काही दिवसांतच पिशवी काढणे बरे, हा आज शल्यचिकित्सकांत रूढ झालेला विचार त्या चिकटण्याच्या अनुभवातूनच आलेला आहे. मामांनी मुंबईचे नाव घेतले. मुंबईच्या शल्यचिकित्सकालाही त्या पोटात तोच गोळा सापडला असता.

पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया बर्लिनच्या लाझारस रुग्णालयात कार्ल लांगेनबुख यांनी १५ जुलै १८८२ रोजी केली. रुग्ण त्रेचाळीस वर्षांचा होता आणि सोळा वर्षे खड्यांनी गांजलेला होता. लांगेनबुख यांनी त्यापूर्वी मृत शरीरांवर दीर्घकाळ सराव करून वाट निश्चित केली होती. नंतर शंभर वर्षे हे काम पोट उघडूनच होत राहिले. १९८५ मध्ये जर्मनीतील ब्योब्लिंगेन येथे एरिख म्युहे यांनी प्रथम दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढले, तेव्हा त्यांच्या वाट्याला कौतुकापेक्षा टीकाच अधिक आली. १९८७ मध्ये फ्रान्समधील ल्यों येथे फिलीप मूरे यांनी ते केले आणि पुढे ही पद्धत जगभर पसरली. भारतात ती आणण्याचा मान मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९९० मध्ये पहिली अशी शस्त्रक्रिया करणारे डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांच्याकडे जातो.

रुग्णांचे सुख अमाप वाढले. वेदना कमी, टाके नावापुरते, चार-आठ दिवसांत माणूस पुन्हा पेढीवर. पण त्या पहिल्या उत्साहाच्या वर्षांत एक अप्रिय गोष्टही ध्यानात आली. उघड्या शस्त्रक्रियेत मुख्य पित्तनलिकेला इजा होण्याचे प्रमाण हजारात एक-दोन असे. दुर्बिणीच्या काळात ते हजारात तीन ते पाचांपर्यंत गेले. आकडा लहान आहे. ज्याच्या वाट्याला तो येतो त्याला लहान वाटत नाही. पित्त पोटात पाझरते, किंवा वाट बंद होऊन कावीळ चढते. आतड्याचा वेटोळा वर ओढून नलिकेला जोडण्याची मोठी शस्त्रक्रिया करावी लागते, आणि ती जोडणी आकसत नाही ना, हे पुढे वर्षानुवर्षे पाहावे लागते. साध्या खड्यांसाठी आत गेलेला माणूस यकृताचा रुग्ण होऊन बाहेर येतो.

अशा इजा कशा होतात याचा शोध घेणारा एक अभ्यास अमेरिकेत २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. लॉरेन्स वे आणि सहकाऱ्यांनी २५२ इजांची छाननी केली. निष्कर्ष अस्वस्थ करणारा होता. जवळजवळ सर्व प्रकरणांत, सत्त्याण्णव टक्क्यांत, मूळ दोष हातांच्या कौशल्याचा नव्हता. डोळ्यांना झालेल्या भ्रमाचा होता. पिशवी वर ओढून धरली की मुख्य नलिकाही ताणली जाते आणि पित्ताशयाच्या नलिकेच्या रेषेत येते. पडद्यावर ती हुबेहूब पित्ताशयाची नलिका दिसते. शल्यचिकित्सक खात्रीने, स्वच्छपणे, उत्तम हाताने चुकीची नलिका कापतो, आणि कापताना त्याला तिळमात्र शंका येत नाही.

यावरचा उपाय अमेरिकेतीलच स्टीव्हन स्ट्रासबर्ग यांनी त्याआधी, १९९५ मध्ये, मांडून ठेवला होता. क्लिप लावण्यापूर्वी तीन गोष्टी डोळ्यांना दिसल्याच पाहिजेत. त्रिकोणातील चरबी आणि तंतू पूर्ण निघालेले असावेत. पिशवीचा खालचा तृतीयांश भाग यकृतापासून सुटून मागचा यकृताचा पृष्ठभाग दिसावा. आणि पिशवीकडे जाणाऱ्या दोन, फक्त दोनच, वाटा उरलेल्या दिसाव्यात. तिन्ही दिसले तर कापावे. एक जरी दिसले नाही तर कापू नये. नियम शाळकरी मुलालाही समजेल इतका सोपा आहे. अवघड आहे ते दीड तास खपल्यावर, बाहेर घरचे वाट पाहत असताना, "दिसत नाही" असे स्वतःशी कबूल करणे.

दिसत नाही, तर पुढे वाटा कोणत्या? पोट उघडणे ही एक. त्यामुळे हाताला स्पर्श मिळतो, जो दुर्बिणीत नसतो. परंतु गोळा पार कठीण झालेला असेल तर उघडूनही त्रिकोण सापडत नाही. मग पिशवी मानेच्या वरच कापावी, खडे सगळे काढून घ्यावेत, मानेचा तुकडा मुख्य नलिकेच्या अंगाशी तसाच ठेवून शिवावा किंवा शेजारी एक रबरी नळी ठेवून द्यावी. काही दिवस नळीतून थोडे पित्त येऊ शकते. ते बहुधा आपोआप थांबते, क्वचित आतड्याकडून दुर्बीण घालून नलिकेत लहान नळी बसवावी लागते. उरलेल्या तुकड्यात पुढे कधीतरी खडा होण्याची थोडी शक्यता राहते, हेही रुग्णाला सांगितले पाहिजे. तुकडा मागे ठेवणारा शल्यचिकित्सक काम अर्धवट टाकत नसतो. ज्या भिंतीपलीकडे शेजाऱ्याचे घर आहे ती भिंत त्याने पाडलेली नसते.

पित्तनलिकेची कथा येथे संपत नाही, कारण ती पुढे स्वादुपिंडाच्या घरातून जाते. स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्यावर आडवे पडलेले असते. वजन शंभर ग्रॅमच्या आत-बाहेर. त्याचे डोके लहान आतड्याच्या पहिल्या वळशात बाळ कुशीत असावे तसे बसवलेले असते. पित्तनलिका याच डोक्यातून खाली उतरते आणि बहुतेकांत स्वादुपिंडाच्या नलिकेला मिळून एकाच दाराने आतड्यात उघडते. दोन घरांचा निचरा एका तोंडाशी. पित्ताशयातून निसटलेला ज्वारीच्या दाण्याएवढा खडा त्या तोंडाशी अडकला की पित्त तुंबते आणि स्वादुपिंडालाही आग लागते. बाल्टिमोरमध्ये यूजीन ओपी यांनी १९०१ मध्ये शवविच्छेदनातून हा संबंध दाखवून दिला. स्वादुपिंडाचा पाचकरस अन्न पचवण्याऐवजी स्वतःच्याच घराला पचवू लागतो. बहुतेकांत हा दाह काही दिवसांत शमतो. काहींत तो प्राणावर बेततो. मोठ्या खड्यापेक्षा लहान खडे या बाबतीत अधिक दगाबाज, कारण मोठा खडा आखूड नलिकेतून निसटूच शकत नाही. "खडा तर बारीक आहे" या समाधानाला म्हणून फारसा अर्थ नाही. सौम्य दाह ओसरल्यावर त्याच मुक्कामात पिशवी काढून घ्यावी असे आज सुचवले जाते, कारण घरी जाऊन हंगाम संपण्याची वाट पाहताना दुसरा खडा निसटू शकतो.

तपश्चर्येचा प्रश्न येथेच येतो, आणि तो टाळून चालणार नाही. पोटात स्निग्ध अन्न गेले नाही तर पित्ताशयाला आकुंचनाचा इशारा मिळत नाही. पित्त आत साचून दाट होते, कालांतराने त्याचा गाळ बनतो. निरोगी माणसाचे एखाद-दोन उपवास सहज निभावतात. परंतु ज्यांच्या पित्ताशयात खडे आहेत आणि ज्यांना एकदा तरी कळ येऊन गेली आहे, त्यांनी अठ्ठाई, मासक्षमण किंवा वर्षीतपाचे पच्चक्खाण घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, आणि आपली प्रकृती महाराज साहेबांच्याही कानावर घालावी. दीर्घ उपवासानंतर पारण्याला एकदम तुपात तळलेले पुढे आले तर गाळाने भरलेली पिशवी जोराने आवळते, आणि खडा निसटायला तेवढे निमित्त पुरते. मुगाचे पाणी आणि मऊ भात अशा हलक्या अन्नाने पारणे करण्याची वडीलधाऱ्यांची रीत या दृष्टीनेही शहाणपणाची आहे.

स्वादुपिंडाच्या डोक्यात गाठ झाली तर शेजारधर्माचे कठोर रूप दिसते. डोके आणि आतड्याचा तो वळसा यांना रक्त पुरवणाऱ्या रोहिण्या एकच. डोके काढायचे तर वळसाही जातो, त्यातून जाणारी पित्तनलिका जाते, पित्ताशय जाते, आणि मग जठर, पित्तनलिका व उरलेले स्वादुपिंड ही तिन्ही आतड्याला नव्याने जोडावी लागतात. न्यूयॉर्कच्या ॲलन व्हिपल यांनी १९३५ मध्ये प्रसिद्ध केलेली ही शस्त्रक्रिया आजही त्यांच्या नावाने चालते. मानेच्या बरोबर मागे पोर्टल व्हेन तयार होत असते. गाठ तिला किती बिलगली आहे यावर शस्त्रक्रिया शक्य की अशक्य हे ठरते. वेदना नसताना वाढत जाणारी कावीळ म्हणूनच मंत्रून उतरवण्यात किंवा मुळ्या बांधण्यात आठवडे घालवू नयेत.

या शस्त्रक्रियेनंतर अनेकांना जेवणाबरोबर पाचक विकरांच्या कॅप्सूल घ्याव्या लागतात, आणि प्रचलित कॅप्सूलमधील विकर डुकराच्या स्वादुपिंडातून काढलेले असतात. इन्सुलिनचा असा प्रश्न १९८२ पासून मानवी इन्सुलिन प्रयोगशाळेत तयार होऊ लागल्यावर सुटत गेला. विकरांचा अजून पुरता सुटलेला नाही. हे रुग्णालयातून निघताना चिठ्ठीवर कळले की घरात कालवा होतो. कोणी गुपचूप देतात, कोणी गुपचूप बंद करतात, आणि बंद केल्यावर रुग्ण जेवूनही झिजत जातो. शस्त्रक्रियेपूर्वीच, रुग्ण स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत असताना, डॉक्टरांशी आणि ज्यांना विचारायचे त्या साधू-साध्वींशी उघडपणे बोलून घेणे बरे. निर्णय रुग्णाचा, त्याच्यापासून लपवून तो कोणीही घेऊ नये.

बाकावरच्या त्या घरात तिसऱ्या दिवशी थोरला मुलगा शल्यचिकित्सकांना भेटतो. ते औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीवर पेनने त्रिकोण काढतात, त्यात एक जाड ठिपका देतात, ठिपक्यामागून जाणारी रेषा तुटक काढतात आणि म्हणतात, "ही मला दिसत नव्हती. आहे एवढे माहीत होते." मुलगा तो कागद घडी करून खिशात ठेवतो. शस्त्रक्रियेचा सविस्तर अहवाल ते फाइलमध्ये लावून देतात. कोणता भाग आत राहिला आहे हे त्यात लिहिलेले आहे, आणि पुढे कधी कोणत्याही शहरात पोट दुखले तरी तो कागद आधी दाखवावा, असे बजावतात.

नळीतले पित्त पाचव्या दिवशी थांबते. सहाव्या दिवशी नळी निघते. आई उशीला टेकून बसलेल्या असतात. पोटातल्या आठ खंडांविषयी किंवा त्रिकोणाविषयी त्यांना काही विचारायचे नसते. त्या एवढेच विचारतात, "पर्युषणात एकासणी होतील ना, डॉक्टरसाहेब?"

"एकासणी होतील," डॉक्टर म्हणतात. "अठ्ठाईचे पुढच्या वर्षी सोनोग्राफी बघून बोलू."

दारात उभे असलेले मामा गावाकडच्या गाडीची वेळ पाहतात.